न मिळालेला खो
मैदानावर पाणी मारलं की लाल मातीचा वास येतो आणि मला मल्लेश्वरममधला तो खो-खोचा सामना आठवतो. मुलींच्या संघात एक ट्रान्स मुलगी होती. आम्हा पालकांचा विरोध होता, तरी शाळेने तिला खेळवलं. मग मी कप्तान असलेल्या माझ्या लेकीला बाजूला घेतलं. "तिला कुणी खो द्यायचा नाही. सांग सगळ्यांना." "बाबा, ती आमच्यातलीच आहे हो!" "सांगितलं तेवढं कर." ती पोर अख्खा डाव रांगेत उठायच्या तयारीत बसून राहिली, पाठीवर कुणाचा हात पडलाच नाही. शिट्टी झाल्यावर तिने लेकीला विचारलं, "अक्का, माझं बसणं चुकलं का?" माझ्याकडे न बघता लेक तिच्या कानडीत म्हणाली, "हो, स्वल्प." म्हणजे थोडंसं. मला पाठीशी घालायला ती खोटं बोलली, हे त्या पोरीला सांगायला मी अजून गेलेलो नाही.