धुक्यातला हुंकार

भूशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर मी लोणारच्या गाईडांना आणि तिथल्या लहानशा संग्रहालयात माहिती सांगणाऱ्यांना दगडांची भाषा शिकवायला जात असे. त्यांच्यातली एक बाई लोणारचीच, पूर्वी बालवाडीत शिकवणारी. मी दिलेली माहिती ती पाठ करून धडाधड म्हणायची आणि पाहुणे हळूच मोबाईल काढायचे. मी तिला सांगितलं, आकडे सोडा, पोरांना गोष्ट सांगायचात तशी सांगा.

एका हिवाळ्यात सकाळी सरावासाठी आम्ही दोघीच विवराच्या काठावर गेलो. वर कोवळं ऊन होतं. खाली मात्र धुकं असं दाटलेलं, की तळं, झाडी, देवळं काहीच दिसेना. मोरही ओरडत नव्हते.

तिनं सुरुवात केली. इथं लाव्हा थरावर थर साचला, त्याचा काळा पाषाण झाला. मग आभाळातून एक धोंडा आला.

"हूं," खालून आवाज आला.

होला पक्षी घुमला असेल, असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सांगू लागली. धोंडा आदळला, दगड वितळला, जमिनीचे थर उलटे होऊन काठावर पडले. आपण उभ्या आहोत तिथं खालचा दगड वर आहे.

"मंग?"

या वेळी ते स्पष्ट बाईमाणसाचं बोलणं होतं, आणि जवळचं. तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, थांबूया. ती मान हलवून हळू आवाजात म्हणाली, "नाही मॅडम. गोष्ट अर्धी नाही ठेवत."

तिनं पूर्ण सांगितली. खड्ड्यात पाणी कसं साचलं, ते खारं कसं झालं, त्यात मासा का जगत नाही. इतकं सुंदर तिनं कधीच सांगितलं नव्हतं. शेवटी खालून काहीच आलं नाही. ती शांतता मला जास्त जड गेली.

धुकं विरल्यावर आम्ही खाली उतरायला निघालो. वाटेच्या तोंडाशी चौकीदार शेकत बसला होता. सकाळपासून खाली कोणी गेलं नाही, असं तो म्हणाला. आवाज त्यानंही ऐकला होता.

"कोणाचा होता?" मी विचारलं.

"तुमचाच तं," तो म्हणाला. "ताई सांगून राह्यल्या होत्या, तुम्ही मंग मंग करून राह्यल्या होत्या. मले वाटलं, तुम्ही माह्या आधीच खाली उतरल्या."

थंड हवेच्या थरामुळे विवरात आवाज वाकतो, दूरचा जवळ वाटतो. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. त्यालाही तेच सांगितलं. पण मी तोंड उघडलं नव्हतं. आणि लहानपणी माझ्या तोंडी असलेलं ते 'मंग' म्हणणं तर शहरात नोकरीला गेल्यापासून माझ्या जिभेवरून पुसलं गेलं होतं.

खाली पोचल्यावर तळ्याकाठच्या ओल्या मातीत आम्ही पाहिलं. वानरांचे ठसे होते, माणसाचे नव्हते.

आता ती बाई पाहुण्यांना खिळवून ठेवते. धुकं असलं की मात्र चहा पाजत बसवते, ऊन पडल्याशिवाय तोंड उघडत नाही. नव्या गाईडांना मी ते कारण सांगत नाही. दगडांवर तिरपं ऊन पडलं की थर नीट दिसतात, एवढंच सांगते. ते खरंही आहे.