सावलीबाईंची सही

आमच्या वहिनी कोणतंही भांडं आत डोकावल्याशिवाय वापरत नाहीत. घासूनपुसून पालथं ठेवलेलं असलं तरी उचलतील, उजेडाकडे धरतील आणि मगच त्यात पाणी ओततील. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या आईने हे पाहिलं आणि तिचा पारा चढला.

"आमच्याकडे भांडी धुतात हो!"

"धुतलीच असतील," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मी फक्त बघतेय."

सासूला द्यायला याहून वाईट उत्तर सापडलं नसतं. पुढे आईला कळलं की या बाईला पगार मिळतो तो याच खोडीचा. तेव्हापासून ती शेजारणींना ऐटीत सांगू लागली, "आमची सून बघते." काय बघते, ते मात्र तिला सांगता येत नसे.

ते असं. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बारा माणसांची एक कंपनी आहे, वहिनी तिथे कामाला. रुग्णाच्या शिरेत थेंब मोजून औषध सोडणारा पंप ती बनवते. त्या पंपातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला कामासाठी मेमरीत जागा लागते, आणि मिळते ती आधीच्या कामाने सोडलेली, त्याचा कचरा तसाच पडून असलेली. नव्या कामाने तिथे आधी आपलं काही लिहावं आणि मग वाचावं, अशी रीत. पण प्रोग्राम लिहिणारा कुठेतरी विसरतो, आणि यंत्र परक्याच्या कचऱ्यावर भरवसा ठेवून निर्णय घेतं. दहातल्या नऊ वेळा तो निर्णय बरोबरही निघतो. म्हणूनच चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदते.

वहिनींनी एक तपासणारा प्रोग्राम लिहून तिच्यावर पहारा बसवला होता. मेमरीच्या कणाकणामागे एक सावली. इथे कोणी लिहिलंय की नाही, एवढंच त्या सावलीला ठाऊक. न लिहिलेला कण नुसता इकडून तिकडे नेला तर ती गप्प राहते. त्याच्यावरून काही ठरवायला गेलात, की ओरडते. या पहाऱ्याखाली पंप तिप्पट सावकाश चालतो. त्यामुळे ऑफिसात वहिनींचं नाव पडलं सावलीबाई, आणि त्या चाचणीला आल्या की साऱ्या मजल्याला एकदम चहाची तल्लफ येई.

नव्या पंपाच्या वेळी सावली दोनशे चौदा ठिकाणी ओरडली. शुक्रवारी तो एका मोठ्या रुग्णालयाच्या मंडळींना दाखवायचा होता. हे इशारे निस्तरायचं काम साहेबांनी दिलं दुसऱ्याच माणसाला. तो चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला, सगळं झटपट करणारा. त्याला सगळे एक्स्प्रेस म्हणत.

"बाई एकेक इशारा तपासत बसतील," साहेब म्हणाले, "तोवर रुग्ण बरे होऊन घरी जातील." मग वहिनींकडे वळून गोड हसले. "सही मात्र तुमचीच लागणार. सही झाली की विभागप्रमुखाची खुर्चीही तुमची."

त्या खुर्चीची वाट वहिनींनी एकोणीस वर्षं पाहिली होती.

एक्स्प्रेसने दोन दिवसांत दोनशे चौदाचं शून्य करून दाखवलं. टाळ्या झाल्या. वहिनींनीही वाजवल्या, आणि मग त्याने काय केलंय ते बघायला बसल्या. त्याने एकच ओळ लिहिली होती: जागा मिळताक्षणी तिच्यात शून्यं भरायची. सगळीकडे काहीतरी लिहिलेलं, म्हणून सावली गप्प.

"अरे, तू चोर पकडले नाहीस," वहिनी म्हणाल्या. "पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस."

"मॅडम, कचरा तर गेला ना? शून्य किती स्वच्छ!"

"हवेचा बुडबुडा शोधणारा सेन्सर काय सांगतो? शून्य म्हणजे?"

"हवा नाही. सगळं ठीक."

"आणि सेन्सर मुका झाला, त्याने काही लिहिलंच नाही, तर तिथे काय राहील?"

एक्स्प्रेसने चष्मा काढून पुसला. कचरा होता तोवर पंप अधूनमधून उगाच का होईना, पण बोंबलत तरी होता. आता तो मरेपर्यंत सगळं ठीक म्हणणार होता.

"आज हे सांगितलं तर साहेब मला खिडकीतून टायरवर टाकतील," तो म्हणाला.

"टायर मऊ असतात," वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सहीचा कागद पुढे सरकवला. वहिनी तो सही न करता तसाच घेऊन घरी आल्या.

"कर सही आणि हो मोकळी," दादा म्हणाला. "शून्य इशारे आहेत. खोटं कुठे लिहितेयस?"

"तेच तर. एक अक्षरही खोटं नाही."

"मग खुर्ची सोडणार?"

वहिनी मिठाचा डबा उघडून भाजीकडे वळल्या. भाजी त्या दिवशी दोनदा खारट झाली.

शुक्रवारी रुग्णालयाचे मोठे डॉक्टर आले, सोबत त्यांच्या मुख्य परिचारिका. पंपावर हिरवा दिवा लागला. वहिनींनी पुढे होऊन सेन्सरची वायर उपसली. दिवा हिरवाच राहिला.

"वा!" डॉक्टर खूश झाले. "वायर निघाली तरी थांबत नाही. दणकट आहे हो."

साहेबांचा चेहरा उजळला. पण परिचारिकाबाई दिव्याकडे टक लावून होत्या. "थांबत नाही? मग नळीत हवा शिरली तर मला कळणार कसं?"

"कळणार नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मी सही केलेली नाही."

पंप तीन महिने लांबला. शून्यं काढून टाकल्यावर दोनशे चौदा इशारे परत हजर झाले, आणि वहिनी एकेक निस्तरत बसल्या. खुर्ची एक्स्प्रेसला मिळाली. शून्यापर्यंत पोचलेला पहिला माणूस तोच होता, असं साहेबांनी सभेत सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा कागद आला. नव्या नियमाने सही आता विभागप्रमुखाची.

"मॅडम, आधी तुम्ही करा ना," एक्स्प्रेस म्हणाला.

"खुर्ची तुझी, सही तुझी. मी कोण?"

त्याने दार लावून घेतलं आणि दोनशे चौदाही दुरुस्त्या पहिल्यापासून वाचायला घेतल्या. दुपार कलली. साहेबांनी तीनदा दार वाजवलं. "अरे एक्स्प्रेस, एका सहीला किती वेळ?"

"साहेब, बसा जरा," आतून आवाज आला. "अजून नव्वदच झाल्यात."