झडीच्या दिवसांतली पाखरं

लातूरहून लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा निजामाची सत्ता अजून होती, पण ती फार टिकणार नाही असं लोक दबक्या आवाजात बोलायला लागले होते. सासूबाई नव्हत्या. नवरा नोकरीमुळं परगावी. सासरे शाळेत मास्तर. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी नणंद, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. केस काढलेले, अंगावर तांबडं आलवण. सकाळी त्यांचं तोंड दिसणं अपशकुनी, म्हणून आळीतले पुरुष कामाला जाईपर्यंत त्यांनी मागच्या खोलीत थांबायचं, असा शिरस्ता होता.

वन्संना पाखरांचं वेड. खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून त्या पाखरू ओळखायच्या. पण पाण्यावरची पाखरं गोदावरीवर, आणि तिकडं जायचं तर भर रस्त्यातून. त्यावर त्यांनी तोड काढली होती. झड लागली की रस्ता ओस पडतो, तेव्हा डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन निघायचं. मी आल्यावर मलाही न्यायला लागल्या.

"चांगल्या हवेत माणसं असतात, वहिनी. असल्या हवेत आपण आणि पाखरं."

त्या वर्षी पौषात अवकाळी झड लागली. पहिल्याच सकाळी नदीवरून परतताना आळीतले एक वकील टांग्यातून अदालतीत निघालेले समोर आले. वन्संना बघून त्यांनी टांगा वळवला, घरी जाऊन पाणी प्यायले, घटकाभर बसले. तेवढ्यात तिकडं अदालतीत त्यांच्या मुकदम्याचा पुकारा होऊन गेला आणि दुसऱ्या दिवसाची तारीख पडली. संध्याकाळी ते सासऱ्यांपुढं येऊन बसले.

ते गेल्यावर सासरे म्हणाले, "उद्यापासून सकाळी उंबरा ओलांडायचा नाही."

"पुकाऱ्याला हजर राहायचं काम त्यांचं होतं, दादा," वन्सं म्हणाल्या. "मी नदीवर गेले होते."

"लोक नावं ठेवून राहिलेत."

"ठेवू द्या."

सासरे माझ्याकडं वळले. "तू तरी समजाव तिला."

मी म्हणाले, "मामंजी, मीपण जाणार आहे."

दुसऱ्या दिवशी वारा इतका होता की खोळ डोक्यावर ठरेना. घाटाखालची वाळू निसरडी झाली होती. एकमेकींचा हात धरून आम्ही उतरलो. पलीकडच्या खडकावर नारिंगी रंगाचे दोन चक्रवाक माना आखडून, अंगाला अंग लावून बसले होते. पाऊस त्यांच्या पाठीवरून निथळत होता.

"रात्री यांची ताटातूट होते म्हणतात," वन्सं म्हणाल्या. "म्हणणाऱ्यांनी कधी पहाटे इथं येऊन बघावं."

आम्ही गारठून जाईपर्यंत बघत राहिलो. परतताना वन्संनी खोळ काढून काखेत धरली आणि बोळ टाळून सरळ बाजारातून निघाल्या. भिजलेलं उघडं डोकं, ताठ मान. अदालतीच्या वेळेला वकिलांचा टांगा समोरून आलाच. टांगेवाल्यानं लगाम खेचला. "साहेब, वळवू का?" वकील घोटाळले. आदल्या दिवशीसारखी तारीख चुकवणं परवडणारं नव्हतं. वन्सं बाजूला झाल्या नाहीत की त्यांनी खाली बघितलं नाही. शेवटी वकील म्हणाले, "हाक पुढं."

त्या दिवशी ते मुकदमा जिंकून आले. त्यांच्या बायकोनंच विहिरीवर मला सांगितलं, जरा नवलानं. मी ते वन्संना सांगितलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या.

"हरले असते तर माझ्यामुळं," त्या म्हणाल्या. "आता जिंकले ते कुणामुळं, ते नवऱ्याला विचार म्हणावं तिला."

सासरे संक्रांतीपर्यंत आम्हा दोघींशी बोलले नाहीत. आम्हीही विनवण्या केल्या नाहीत. झड उघडली त्या सकाळी लख्ख ऊन पडलं, आळीत माणसांची वर्दळ सुरू झाली. वन्संनी मागच्या खोलीचं दार लोटलं, ओसरीवर आल्या आणि मला म्हणाल्या, "चल, उन्हात चक्रवाकांचा रंग कसा दिसतो ते बघायचंय."