अध्यक्षांचा फेटा

परवा माझ्या निवृत्तीच्या सत्काराला फेटेवाल्यानं नव्या फेट्याची घडी मोडली, कांजीचा वास आला आणि माझं मनगट एकदम दुखल्यासारखं झालं. पस्तीसेक वर्षांपूर्वी राजूरजवळच्या कॉलेजात मी नुकताच लागलो होतो, तोही तात्पुरता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष एकाहत्तरच्या लढाईच्या काळात लष्कराच्या हेरखात्यात होते. तिथं त्यांनी काय केलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं; पण ते कायम भिंतीला पाठ लावून बसायचे, बोलताना नजर दारावर ठेवायचे, आणि आम्ही सगळे त्यांना टरकून असायचो. गॅदरिंगच्या दिवशी प्राचार्य मला म्हणाले, "तुम्हाला फेटा येतो ना? मंग अध्यक्षांना तुम्हीच बांधा, जल्दी." मंडपात ताशा कडकडत होता. मी खुर्चीमागं उभा राहून पहिला वेढा घेतला, तर कापड घसरून त्यांच्या गळ्यावर आलं. त्याच क्षणी त्यांनी माझं मनगट धरून असं पिरगाळलं, की मी खुर्चीच्या पाठीवर वाकलो. नोकरी गेली, हातही गेला, असं वाटलं. समोर लोक टाळ्या वाजवत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं, पण मी कोण हे त्यांना लवकर उमगेना. मग पकड सैल झाली. "समोरून बांधा," ते हळूच म्हणाले, "मागून न्हाई." समोर आलो तेव्हा त्यांची हनुवटी थरथरत होती. परवा फेटेवाला माझ्या मागं जायला लागला, तसा मी त्याचा हात धरला. म्हणालो, "समोरून बांध, बाबा."