नारळाच्या दुधातला राजमा-भात

पत्नी गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवतो. काल मात्र धीर करून गल्लीतल्या नव्या जमैकन बिस्ट्रोत बसलो. नारळाच्या दुधातला राजमा-भात आला. दोन घास गेले, तिसरा काही उतरेना. उठावंसं वाटू लागलं.

शेजारच्या टेबलावर एक आजी-आजोबा होते. आजींनी पर्समधून डबी काढली आणि आपल्या ताटातल्या तशाच भातावर लसणाची चटणी घेतली.

"अगं, लोक बघताहेत," आजोबा पुटपुटले.

"बघू देत. हवी असेल तर मागतील."

मीच बघत होतो. त्या वळल्या. "एवढं गुळमट कसं उतरणार हो?" म्हणेपर्यंत माझ्या भातावर चटणी पडलीसुद्धा.

हॉटेलात पदार्थ आणून ठेवतात, वाढत नाहीत. वाढायला जेवणाऱ्याचा थांबलेला हात दिसावा लागतो. जमैका मी नकाशातच पाहिला आहे, पण तिथेही घरोघरी कुणीतरी डाव घेऊन उभं असणारच.

हळूहळू भात संपत आला. आजी त्यांच्या टेबलावरचं भाताचं भांडं उचलून पुन्हा वळल्या. "अजून वाढू?"

"अगं, ते काय आपल्याकडे जेवायला आलेत?" आजोबा कळवळले.

माझं पोट गच्च भरलं होतं.

"वाढा," मी म्हणालो.