पहिला अंक ताईंचा, दुसरा माझा

लखनौच्या कपूरथला बाजारात मी मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होते, तेव्हा रश्मीचा फोन आला. रश्मी म्हणजे वसुधाताईंची भाची. लहानपणापासून लखनौत ताईंकडेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते. "काकू, मावशी चली गईं. अभी, आधा घंटा हुआ," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "अच्छा." काही सुचत नसलं की आपण जे बोलतो ते. भाजीवाल्या भैयाने मेथी पिशवीत टाकली, मी घरी आले, मेथी निवडायला बसले आणि अर्धी जुडी निवडून झाल्यावर मला रडू फुटलं. आज सहा आठवडे झाले. अजून ताईंच्या मोहल्ल्याच्या, महानगरच्या रस्त्याने जायची वेळ आली की मी रिक्षावाल्याला दुसऱ्या बाजूने घ्यायला सांगते.

ताई मूळच्या साताऱ्याच्या. वनस्पतिशास्त्रज्ञ. इथल्या एका संशोधन संस्थेत जन्म गेला, लग्न केलं नाही, महानगरात दोन खोल्या आणि गच्चीवर कुंड्या. आणि वेड कशाचं, तर बॅलेचं. साध्या नाचाचं नव्हे, त्या चवड्यावर उभं राहून केल्या जाणाऱ्या परदेशी नाचाचं. या शहरात कथ्थकवर वाद घालायला गल्लीगल्लीत माणूस सापडेल, बॅलेवर बोलायला ताईंना सगळ्या लखनौत कोणी सापडलं नाही. मग त्यांनी मला धरलं. मी नागपूरची, नवरा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून इथे अलीगंजला येऊन पडलेली. मला बॅलेतलं काय कळणार, कपाळ! पण ताईंना ऐकणारं माणूस हवं होतं आणि मला, खरं सांगायचं तर, कोणीतरी हक्काने बोलावणारं हवं होतं.

आमची ओळख भांडणानेच झाली. मराठी मंडळींच्या गणपतीत मी मुलींचा नाच बसवला होता. टाळ्या भरपूर पडल्या. मी हवेत. तेवढ्यात पांढऱ्या सुती साडीतल्या एक उंच बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुली उड्या छान मारतात. पण खाली येताना पोती टाकल्यासारखा आवाज करतात. उतरायला कोणी शिकवलं नाही का?" माझं तोंड उतरलं. मीही ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "बाई, स्टेज लाकडी आहे, आवाज येणारच." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी चारला चहाला ये. लाकडी स्टेजवर आवाज न करता उतरणाऱ्या मुली दाखवते." मी जाणार नव्हतेच. गेले ते केवळ बाईंना चार शब्द सुनवायला, आणि पुढची अकरा वर्षं दर गुरुवारी जात राहिले.

ताई विशीबाविशीत असताना रशियात, तेव्हाच्या लेनिनग्राडला, दोन वर्षं अभ्यासाला होत्या. तिथे हे वेड लागलं. त्यांच्याकडे डिस्कांचा ढीग होता. एकेक प्रयोग आम्ही कितीदा पाहिला देव जाणे. नायिकेकडे त्या फारशा बघत नसत. "तिला बघायला सगळं थिएटर आहे," म्हणायच्या, "तू मागच्या रांगेत बघ. तिथे एखादी मुलगी असते, तिला माहीत असतं की आपल्याकडे कोणी बघत नाही, तरी मान तेवढीच ताठ ठेवते." मग आम्ही मागच्या रांगेतल्या मुलींना नावं ठेवायचो. एक शांता होती, एक घाबरट होती, एकीला ताई 'आमची रश्मी' म्हणत, कारण ती नेहमी अर्धा क्षण उशिरा वळायची. रश्मी आतून ओरडायची, "मैं सब सुन रही हूँ, हाँ!" कथ्थकलाही ताई जात, मनापासून दाद देत, पण घरी येताना रिक्षात हळूच म्हणत, "छानच झालं गं... पण मला हवेत राहणारी माणसं आवडतात, त्याला काय करू?"

आता ते सांगते जे सांगायला मला अजून जड जातं. दोन वर्षांपूर्वी दिल्लीत एका रशियन मंडळीचा प्रयोग येणार असं पेपरात आलं. ताई तेव्हा सत्त्याहत्तरच्या. रशियातून परतल्यापासून त्यांनी प्रत्यक्ष बॅले पाहिलं नव्हतं. सगळं त्या टीव्हीच्या चौकटीत. आणि उजव्या डोळ्याने आता साथ सोडायला सुरुवात केली होती. बातमी वाचल्या वाचल्या त्यांचा फोन. "मंदा, उद्या तिकीटविक्री सुरू होते. रश्मीला सकाळीच कॉम्प्युटरपाशी बसवू या." आणि मी काय म्हणावं? "अहो ताई, तिकीट कशाला काढता? ह्यांचे बॅचमेट दिल्लीत आहेत, पास आणून देतील. अगदी पुढचे, सोफ्यावरचे."

लखनौच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. इथे कार्यक्रमाला तिकीट कोणी काढत नाही. पास येतो. पास घरी आला नाही तर आपली शहरात काही ओळखच नाही असा त्याचा अर्थ, आणि तीस वर्षांत ही हवा माझ्याही अंगात पुरती भिनलेली. ताई आयुष्यात कधी पासावर गेल्या नव्हत्या. "नाचणारीने घाम गाळायचा आणि आपण फुकट बघायचं?" असं त्यांचं म्हणणं. पण माझा उत्साह बघून त्या बिचाऱ्या 'बरं' म्हणाल्या. पंधरा दिवस आम्ही पासाची वाट बघितली. "हो जाएगा भाभीजी, घर की बात है," असं बॅचमेट सांगत राहिले, मग फोन उचलेनासे झाले. तोवर थिएटर भरलं. एक खुर्ची शिल्लक नाही.

ते सांगायला मी महानगरला गेले. ताई गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होत्या. ऐकून घेतलं. उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. मग झारी खाली ठेवून म्हणाल्या, "गाडीचं रिझर्व्हेशन आहे ना? मग जाऊ या." मी म्हटलं, "ताई, जाऊन करणार काय?" त्या म्हणाल्या, "बाहेर उभं राहायचं. लेनिनग्राडला मी आधी खिडकीवर तिकीट काढलंय असं क्वचितच झालं. बाहेर उभं राहून विचारायचं, जास्तीचं आहे का?"

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण माझ्या जिवाला लागलं होतं; नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आदल्या दिवशी जाऊन माझ्या भाच्याकडे उतरलो. प्रयोग दुपारी तीनचा होता, ताईंनी मला साडेबारालाच तिथे नेलं. मी फाटकापाशी उभी राहायला निघाले तर म्हणाल्या, "फाटकाशी वेडे उभे राहतात. तिथे येईपर्यंत माणसाला दहा जणांनी विचारलेलं असतं, तो वैतागलेला असतो. आपण लांब उभं राहायचं, जिथे तो अजून खुशीत असतो." म्हणून आम्ही मेट्रोच्या जिन्यापाशी. ताईंनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचं एक बोट वर धरलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सुरू केलं, "एक टिकट ज़्यादा है, बेटा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई आणि जिन्यापाशी बोट वर करून उभ्या! मी पदर तोंडावर घेतला. पण ताई अशा खुलल्या होत्या की विचारू नका. दोन तास उभ्या राहिल्या. तीनला दहा मिनिटं असताना एक मुलगी थांबली. तिची सासू ऐनवेळी आली नव्हती. छापील किमतीत एक तिकीट मिळालं. एकच.

ताई आत गेल्या. मी पायरीवर बसून दशम्या खाल्ल्या आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. निदान त्या तरी बघतायत, एवढं समाधान. तासाभराने मध्यंतर झालं आणि गर्दीतून काठी टेकत ताई बाहेर. माझ्या हातात फाडलेलं तिकीट कोंबलं. "जा. वर, डावीकडून तिसरी खुर्ची. दुसरा अंक तू बघ." मी नाही म्हटलं, हात धरून मागे ढकललं, अगदी रडकुंडीला आले. त्या म्हणाल्या, "मला पाठ आहे तो. तुला नाही. वेळ घालवू नकोस." दारावरचा माणूस मला आत सोडेना. "मैडम, ये तो आप नहीं थीं." तेव्हा ताईंनी आपली अस्सल लखनवी काढली, "भैया, हमारे घुटने जवाब दे गए. बाक़ी का ये देख लेंगी, घर जाकर हमें बता देंगी." त्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत आम्ही सौदा पूर्ण केला. गाझियाबाद सोडेपर्यंत ताईंनी मला पहिला अंक सांगितला, मग मी त्यांना दुसरा. मला पावलांची नावं येत नव्हती. मी आपली, "मग त्या सगळ्या पांढऱ्या झग्यात आल्या, मग तो उंच मुलगा पळत गेला," असं सांगत होते. मागच्या रांगेतल्या चौथ्या मुलीच्या बुटाची फीत सुटली होती आणि ती शेवटपर्यंत तशीच नाचली, चेहऱ्यावर काही नाही, तेही सांगितलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. "फीत कुठल्या पायाची?" म्हणाल्या. "डाव्या," मी म्हटलं. "मग गिरकी उजव्या पायावर घेतली असेल," म्हणाल्या आणि खूश झाल्या. त्यानंतर दर गुरुवारी चहा झाला की फर्मान, "दुसरा अंक सांग." किती वेळा सांगितला असेल! हळूहळू डोळे इतके गेले की डिस्का नुसत्या ढिगात पडून राहिल्या, तेव्हाही हेच.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी एकदाचं बोलले. दोन वर्षं घशाशी अडकलेलं. "ताई, मी त्या पासाच्या नादी लागले नसते तर तुम्ही पूर्ण बघितलं असतं. मला माफ करा." त्यांना धाप लागत होती. थांबून थांबून म्हणाल्या, "तिकिटं मिळाली असती... तर दोघी शेजारी शेजारी बसलो असतो, गप्प बघितलं असतं, घरी आलो असतो. मग गुरुवारी तू मला काय सांगितलं असतंस?" मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस. पांढऱ्या झग्यातल्या येतात तिथपासून सांग." मी सांगितलं. चादरीखाली त्यांचे पाय हलत होते, अगदी थोडे, टाचा उचलून.

परवा रश्मी घरी आली होती. म्हणाली, "काकू, वही वाला बैले पूरा है मोबाइल पे. आपने तो फ़र्स्ट हाफ़ देखा ही नहीं ना? देख लो." तिने माझ्यासमोर लावून दिलं. पडदा उघडला, गावातल्या मुली नाचत आल्या, पुढची निळा घागरा घालून. मी दोन मिनिटं बघितलं आणि बंद कर म्हटलं. दुसरी मंडळी, दुसरा प्रयोग, कपडे वेगळे असणारच, एवढं मलाही कळतं. पण ताईंनी गाडीत मला सांगितलं होतं की तो घागरा हिरवा होता, कैरीसारखा. रश्मी म्हणाली, "क्यों, अच्छा नहीं लगा?" मी म्हटलं, "अगं, तो हिरवा आहे. बस, तुला सांगते." आणि गावातल्या मुली येतात तिथपासून मी तिला पहिला अंक सांगायला लागले.