नखं सोडवणारी वहिनी

खोटी नखं लावून देणाऱ्या बायका पैशाला पासरी मिळतात. चार दुपारी कुणाच्या शेजारी बसून बघायचं, बाटल्या आणायच्या, दारावर गुलाबी पाटी लावायची, झालं दुकान. पण लावलेली नखं खऱ्या नखाला धक्का न लावता उतरवून देणारी बाई शोधायला निघा, म्हणजे समजेल. शिंप्याचं दुकान आणि चपला शिवणाऱ्याची टपरी यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत अशी एक बाई बसते. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते. वयाने मोठी माणसंही वहिनीच म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

तिच्या खोलीत खिडकी कायम उघडी. नखं मऊ करायचं ते औषध, अ‍ॅसिटोन, डोक्यात चढतं आणि ठिणगी मिळाली तर भडकतं. शिंप्याने एकदा पेटती विडी घेऊन दारात डोकावलं, तर तिने त्याला असं फैलावर घेतलं की आता तो विडी नसली तरी आधी दोन्ही हात वर करून दाखवतो आणि मगच कात्री मागतो.

या वहिनीला एक नणंद आहे, घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला धाकटीच म्हणतात. तिखट जिभेची आणि उतावळी. दूध तापायच्या आत साय शोधणारी. वहिनीने दुकान टाकलं तेव्हा धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नटव्या बायकांचे चोचले पुरवायचे, हा काय धंदा झाला?" वहिनी बाटल्या मांडत राहिली. धाकटीला मात्र आपलं वाक्य फार आवडलं होतं, आणि तिने ते पुढे बरेच दिवस वापरलं.

धाकटीची स्वतःची कहाणी काही सोपी नव्हती. नवरा लवकर गेला. कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासून तिने घर ओढलं, आणि लोकांची पोरं कॉलेजात जातात त्या वयाच्या कितीतरी पुढे जाऊन दाया-नर्सांच्या मदतनिसाचं शिक्षण घेतलं. पास झाली. मोठ्या दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात त्या खोलीत तिला जागा मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला भांड्यांऐवजी माणूस सोपवणार होतं. ती इतकी खूश होती की मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नासाठी तिने हौसेने बाजारातून खोटी नखं लावून घेतली. साबणाने खाल्लेले ते हात निदान एक दिवस तरी बरे दिसावेत, एवढंच तिच्या मनात होतं. वहिनीकडे जायचं तर कुठल्या तोंडाने जाणार?

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला: नखं कापलेली हवीत, रंग नको, खोटं नख तर मुळीच नको, आणि हातावर कुठे जखम असली तर बाळांच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. सकाळी हात तपासणार.

धाकटीने आधी स्वतःच हात चालवला. जुनं एक प्लास्टिकचं कार्ड नखाखाली घातलं आणि उचकटलं. पहिल्याच बोटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग मात्र ती पदराखाली मूठ झाकून वहिनीच्या दारात आली आणि पुटपुटली, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"गाढव म्हणतंय, आधी हात धुऊन ये," वहिनी म्हणाली. "आणि ती मूठ उघड. लपवलेल्या बोटाला मी काय करू?"

मूठ उघडली. मधल्या बोटावरचं खोटं नख निघालं होतं खरं, पण जाताना खऱ्या नखाचा वरचा पदर आणि कडेची कातडी सोबत घेऊन गेलं होतं. बोट लालभडक झालेलं. वहिनीने ते पाण्याने धुतलं, स्वच्छ पट्टी बांधली आणि बजावलं, "याला आता औषधाचा थेंब लागायला नको. सूज चढली, पू दिसला, तर सरळ डॉक्टरकडे जायचं. माझ्याकडे नाही."

मग तिने बाकीची नखं घेतली. आधी लांबी कापली. वरची चकाकी कानशीने घासून काढली, म्हणजे औषध आत शिरतं. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन चोपडलं, म्हणजे ती भाजत नाही. औषधात बुडवलेला कापसाचा तुकडा प्रत्येक नखावर ठेवून त्यावर चांदीचा कागद गुंडाळला. धाकटीची बोटं भाजायला ठेवलेल्या कणसांसारखी दिसायला लागली. एरवी थोडा वेळ गेला की खोटं नख लोण्यासारखं होतं आणि लाकडी काडीने आपोआप सरकतं. वहिनीने एक कागद उघडला, काडी टेकवली. नख दगडासारखं.

"कुठल्या मेल्याने लावलीत ही?" वहिनी म्हणाली. "स्वस्तातला मसाला वापरलाय. हा विरघळत नाही लवकर."

"मग ओढ ना. मी ओरडणार नाही."

"तू ओरडणार नाहीस गं, नख ओरडेल. काडीने सरकलं तर सरकलं, नाही तर पुन्हा भिजवायचं. ओढायचं नाही."

"तुझी ती मशीन आहे ना, गरगर फिरणारी? ती फिरव."

"मशीनला खोटं कुठे संपलं आणि खरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. हाताला कळतं."

आणि ती घासत बसली. थोडं घासायची, फुंकर मारायची, बोटाच्या पोटाने चाचपायची, "गरम लागतंय का?" विचारायची, पुन्हा कापूस, पुन्हा कागद. धाकटीने सुस्कारे टाकले, पाय हलवले, गल्लीतल्या सगळ्यांना नावं ठेवून झाली. शेवटी बोलायला काही उरलं नाही तेव्हा ती आपल्या भावजयीकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत तिने ते कधी केलं नव्हतं. मान वाकलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि हाताला कसली म्हणून घाई नाही. या हातांना आपण चोचले म्हणालो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. बोलली मात्र नाही. तेवढी सुधारणा एका दुपारात होत नसते.

उन्हं उतरली तेव्हा नऊ बोटं मोकळी झाली. शेवटचा पातळ पापुद्रा वहिनीने मुद्दाम खरवडला नाही, बारीक कानशीने नुसता गुळगुळीत केला. नखं पातळ पडली होती, पण शाबूत होती. धाकटीचे हात धुऊन तिने नखांना तेल चोळलं.

"आता या दहाव्यावर काहीतरी लाव," धाकटी म्हणाली. "तुझ्याकडे कातडीच्या रंगाचं असतं ना? उद्या एवढं निभावून ने. पुढचं मी बघते."

"नाही लावणार."

"वहिनी, माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित." वहिनीने बाटल्यांचं कपाट बंद केलं. "अगं, ज्यांच्या अंगावर अजून धड कातडी आली नाही, त्या पोरांना तू हात लावणार. झाकलेल्या जखमेत काय वाढतं ते मी रोज बघते. तुझ्यासाठी मी हात मोडेपर्यंत घासेन. हे नाही करणार."

धाकटी तणतणत निघून गेली. रागापेक्षा भीती जास्त होती. वाटेत तिने दुकानातून रंगाची एक बाटली घेतलीच. सकाळी दवाखान्याच्या बाकावर ती बसली तेव्हा बाटली पर्समध्ये होती आणि पट्टी सोडून रंग लावायला कितीसा वेळ लागतो? काचेपलीकडे बाळं दिसत होती. एकाची अख्खी तंगडी तिच्या अंगठ्याएवढी. धाकटीने पर्स बंद केली, आणि मोठ्या सिस्टरांनी हात पुढे करायला सांगितल्यावर स्वतःहून पट्टी सोडून ते बोट दाखवलं.

सिस्टरांनी तिचं कौतुक वगैरे काही केलं नाही. बाकीच्या नखांकडे बघून "ही बरी आहेत" एवढं म्हणाल्या. जागा यादीतल्या पुढच्या बाईला गेली. धाकटीला दुपट्यांच्या घड्या घालायच्या खोलीत बसवलं. बोट भरलं आणि जागा निघाली, तर बघू.

त्या संध्याकाळी ती वहिनीकडे गेली ती भांडायला. पण खुर्चीवर बसल्याबसल्या तिला रडूच कोसळलं. वहिनीने समजूत घातली नाही, चहा दिला आणि हात ओढून घेतला. मग ती रोज येत राहिली. वहिनीने तिला नखं आखूड ठेवायला शिकवलं, कानस एकाच दिशेने फिरवायला शिकवलं, कडेची कातडी न कुरतडता तेलाने मऊ करायला शिकवलं. घरची भांडी घासायला रबरी हातमोजे आणून दिले. मधल्या बोटाचं नवं नख मुळापासून इतकं हळू सरकत होतं की धाकटी वैतागायची. "खालून बघ, वरून नको," वहिनी म्हणायची. खरोखरच, मुळाशी नवं नख गुळगुळीत येत होतं. त्या दिवसांत कधीतरी धाकटीने तोंड दुसरीकडे करून सांगितलं, "धंद्याबद्दल मी बोलले होते ना, ते चुकलं माझं." वहिनी म्हणाली, "हात हलवू नकोस."

बोट भरलं. पुढे बऱ्याच दिवसांनी जागाही निघाली. बाळांच्या खोलीतली पहिली पाळी संपवून धाकटी थेट वहिनीच्या दुकानात आली आणि आपलं मधलं बोट न्याहाळत बसली.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"एकाने बोट धरलं माझं. हेच, मधलं. एवढासा जीव, पण पकड कसली. माझी पाळी संपली, दुसरी बाई आली, तरी सोडेना."

"मग सोडवलंस कसं?"

"नाही सोडवलं," धाकटी म्हणाली. "उभी राहिले. त्याला झोप लागली, मग त्यानेच सोडलं."